रॉकेट राहू द्या, पोरांना एक कोरडी विहीर द्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अंतराळातल्या प्रयोगांवर पानभर आलं होतं, वाचून बरं वाटलं, पान दुकानात टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. पण त्यात एक वाक्य आहे, की स्पेस स्टेशनवर गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे तिथं सगळं तरंगतं. ते वाचून माझी भाची माझ्यावरच भडकली, जसं काय मीच छापलंय. मामा, चारशे किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण नसतं कसं, इथल्या जवळपास नव्वद टक्के असतंय, नसतं तर चंद्र कशाला राहिला असता आपल्याजवळ. स्टेशन पडतच असतं, त्याच्याबरोबर आतली माणसं पडत असतात, पाण्याचे थेंब पडत असतात, पण तासाला अठ्ठावीस हजार किलोमीटरनं आडवं पण पळत असल्यामुळे जमीन काय लागत नाही, एवढंच. सगळेच सारखे पडायले तर कुणाला कुणाचं वजन कळणार? दुरुस्ती छापा म्हणत नाही, पण हे मला बारावी नापास माणसाला कळलं ते पुस्तकातून नाही, एका विहिरीमुळे कळलं, आणि तेच सांगायला हे पत्र लिहायलोय. लांबलं तर कापा, फक्त विहिरीचं कापू नका.

माझं लातूरला एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रील, शेड, टाकीचे स्टँड असली कामं. भाची इंजिनियरिंगला आहे, फायनल इयर, ती आणि तिचे तीन मित्र एक दिवस वहीत चित्र काढून घेऊन आले की मामा अँगलचा एक डबा पाहिजे आणि त्याच्या आत सुटा असा दुसरा डबा. म्हणलं कशाला? तर म्हणे टाकायचाय. कुठं? विहिरीत. मला वाटलं पोरं गंमत करायली.

नंतर त्यांनी समजावलं. कुठलीही वस्तू सोडली की ती पडेपर्यंत तिच्या आत स्टेशनसारखीच अवस्था असते, फक्त वेळ कमी मिळतो. पाच मीटरवरून सोडलं तर एक सेकंद. दोन सेकंद पाहिजे असतील तर दहा मीटर नाही, वीस लागतात, तीनला पंचेचाळीस, चारला ऐंशी. म्हणजे वेळ दुप्पट करायचा तर उंची चौपट. म्हणून जगात हे काम करणारे लोक एकतर उंच टॉवर बांधतात नाहीतर खाली खड्डा शोधतात. जर्मनीत ब्रेमेनला विद्यापीठातच १४६ मीटरचा टॉवर आहे, त्याच्या आतल्या नळीतून ११० मीटर पडतं, पावणेपाच सेकंदाला थोडं कमी मिळतं, आणि खालून तोफेसारखं वर उडवून परत पडू दिलं तर नऊ सेकंदाच्या वर जातं. तिथं युरोपातल्या कॉलेजच्या पोरांसाठी त्यांच्या स्पेस एजन्सीनं स्कीमच काढली, ड्रॉप युवर थिसिस, म्हणजे तुमचा प्रबंध खाली टाका! आपल्याकडं पण लई प्रबंध टाकायच्याच लायकीचे असतात पण ते वेगळं. जपानवाल्यांनी तर होक्काइडोत बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीचा उभा शाफ्ट वापरला होता, ४९० मीटर, पूर्ण दहा सेकंद. ते २००३ ला बंद केलं, पण खाण बंद पडली तर तिचं असं पण करता येतं हे आपल्या विदर्भातल्या कुणी वाचलं असेल का असं मला सारखं वाटतं.

आणि विमानाचं तर वाचून मी दोन दिवस तेच सांगत फिरत होतो. विमान तिरकं वर चढवायचं आणि मग फेकलेल्या दगडासारखं जाऊ द्यायचं, की आतल्यांना वीस-पंचवीस सेकंद वजनच राहत नाही. मग खाली आलेलं विमान सावरताना अंगावर जवळपास दुप्पट वजन येतं, आणि परत चढायचं. नासानं १९९५ पासून जवळपास वीस वर्षं कॉलेजच्या पोरांना ह्यूस्टनला असं विमानात नेलं, पोरांनी स्वतः बनवलेले प्रयोग घेऊन. त्या विमानाला लोक ओकारी धूमकेतू म्हणायचे, का ते सांगायला नको, बालाघाटच्या घाटात एसटीत बसलेल्या माणसाला कळेल. फ्रान्समध्ये बोर्डोला अजून चालू आहे, एका फेरीत ३१ वेळा, दर वेळी २२ सेकंद. ते विमान आधी जर्मनीच्या चॅन्सेलरचं होतं म्हणे, आता त्यात पोरं उलटी-पालटी होतात, याला म्हणतात सरकारी मालमत्तेचा सदुपयोग.

तर आमच्या पोरांकडं ना टॉवर ना विमान. दाजीच्या शेतात औसा तालुक्यात एक जुनी विहीर आहे, दहा परस, म्हणजे साठ फूट. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ना, त्या साली ती तळापर्यंत आटली, नंतर दाजीनं बोअर घेतला आणि विहिरीकडं कुणी बघेना. पावसाळ्यात पाणी येतं पण फेब्रुवारी संपला की खडखडाट. भाचीला लहानपणापासून त्या विहिरीत वाकून ओरडायची सवय, तिलाच सुचलं. नासाचा क्लीव्हलँडला जो छोटा टॉवर आहे दोन पूर्णांक दोन सेकंदाचा तो २४ मीटरचा, म्हणजे ऐंशी फुटाला एक फूट कमी. म्हणजे नासाचा टॉवर आणि आमच्या दाजीची विहीर यात फरक एकोणीस फुटाचा. दाजीला हे सांगितलं तर त्याला वाटलं विहीर विकत घ्यायला कोण आलंय.

सुरुवातीला बावीस किलोचा डबा बनवला. डब्यात डबा का, तर पडताना हवा अडवते, ती बाहेरच्या डब्याला अडवू दे, आतला मोकळा पडला पाहिजे. आतल्या डब्यात एक मेणबत्ती आणि समोर मोबाईल, बस, एवढाच प्रयोग. आतला आणि बाहेरचा यांच्यात खाली वीतभर जागा ठेवलेली. सोडायचा कसा यावर आठ दिवस भांडणं, कारण हातानं सोडला की झटका बसतो, डबा फिरतो. शेवटी माझ्या दुकानातल्या पोऱ्यानं शेगडीची कॉइल आणली, तिचा तुकडा नायलॉनच्या दोरीला गुंडाळला, गाडीची बॅटरी लावली, कॉइल लाल झाली की दोरी वितळून तुटते, कुणाचा हात नाही काही नाही. भाची म्हणली मोठ्या ठिकाणी पण हात न लावताच सोडतात, तर तो पोऱ्या तेव्हापासून मला नीट जुमानत नाही.

खाली गाद्या म्हणून कडब्याच्या पेंढ्या, त्यावर भुशाची पोती आणि वर थर्माकोलचे बारीक दाणे, बीन बॅगमध्ये भरतात ते. ब्रेमेनला पण खाली थर्माकोलचेच दाणे असतात, फक्त त्यांचा ढीग आठ मीटरचा. आमचा कंबरेएवढा. ते सगळं मोजून हातात राहिले पंचावन्न फूट, म्हणजे एक पूर्णांक आठ सेकंद आणि वर थोडं.

विहिरीत उतरायच्या आधी दाजीनं दोरीला कंदील बांधून खाली सोडला. जुन्या विहिरीत खराब हवा साचते, कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही, ही आमच्याकडची पिढ्यान्पिढ्याची रीत. भाची कंदिलाकडं बघत म्हणली की बघा, ज्योत बघायला आलो आणि आधी ज्योतच आपल्याला बघायली. प्रत्येक वेळी कंदील, मगच माणूस, कमरेला दोरी, वर दोघं. हे मुद्दाम लिहितोय कारण हे वाचून कुणी पोरं उठून विहिरीत उतरली तर पाप माझ्या डोक्यावर नको.

पहिला ड्रॉप वाया. डबा सुटला, धप्प आवाज आला आणि विहिरीतून थर्माकोल असा वर उसळला की उन्हाळ्यात बर्फ पडल्यासारखं, वारं होतं, सगळे दाणे दाजीच्या कांद्यात. दाजीनं जे तोंड सोडलं ते इथं लिहिता येत नाही. नंतर वर शेडनेट बांधलं. पण खरा घोळ व्हिडिओत दिसला. पहिला सेकंदभर ज्योत छान आखडत चालली आणि मग एकदम हिसका बसून परत टोकदार झाली. पोरं रात्री दुकानातच बसून तो व्हिडिओ पुढं-मागं करत होती, मी पण बसलो. कळलं असं, की डबा हलका, तळ सपाट, हवेनं त्याला एवढा अडवला की आतला डबा वीतभर जागा सेकंदभरातच संपवून बाहेरच्याच्या तळावर जाऊन टेकला. टेकला की मोकळं पडणं संपलं, थोडं वजन आलं, ज्योत सरळ झाली. भाचीनं वहीत आकडेमोड करून सांगितलं की मामा, वजन तिप्पट करा आणि तळाला टोक द्या. मग मी पत्र्याचा शंकू वळवून खाली वेल्ड केला, आणि बाहेरच्या डब्यात जुने बेअरिंग, सळईचे तुकडे, ट्रॅक्टरचा एक मोडका हब भरून साठ किलो केला. तीस वर्षं झाली मला या धंद्यात, गिऱ्हाईक कायम म्हणतं हलकं करा, स्वस्तात करा, जड करा म्हणणारी ही पहिलीच पोरं.

साठ किलो हातानं कोण वर ओढणार, मग चेन पुली नेली, विहिरीवर तिपाई उभी केली. एकूण चौदा ड्रॉप केले त्यातले कामाचे पाच. मोबाईलवर आधी स्लो मोशन लावलं होतं सेकंदाला २४० फ्रेमवालं, पण त्यात उजेड कमी पडून ज्योत दिसेचना, कारण ती निळी पडते. मग साठवर आणलं तर नीट दिसायला लागलं, एका ड्रॉपच्या शंभर-एक फ्रेम.

आणि साहेब ती ज्योत. आपण दिवाळीपासून श्राद्धापर्यंत आयुष्यभर ज्योत बघतो, वर टोक, पिवळी, हलणारी. दोरी तुटली त्या क्षणी तिचं टोक खाली बसायला लागतं, पिवळा रंग आटत जातो आणि वातीभोवती एक छोटा निळा गोळा उरतो, वाटाण्याला टोपी घातल्यासारखा. हलत नाही, डुलत नाही. का, तर गरम हवा वर जाते ती हलकी असते म्हणून, आणि पडताना हलकं-जड हा भेदच राहत नाही, मग वर कोण जाणार आणि खालून ताजी हवा कोण आणणार. जी मिळेल ती चहूबाजूंनी हळूहळू. आणि खाली थर्माकोलात डबा घुसला की ज्योत एकदम विझते. हे माझ्या दुकानात, वेल्डिंग मशीनच्या शेजारी, साडेपाच इंची मोबाईलवर बघितलं आम्ही. दाजी पण आला होता कांद्याचं भांडण विसरून. तो म्हणला परत लाव. आठ वेळा लावला.

आता तक्रारीकडं येतो, कारण नुसतं कौतुक करायला मी कशाला पेन उचललं असतं. कॉलेजचं नाव घेत नाही, पोरांच्या मार्कशीट अजून त्यांच्याच कपाटात आहेत. तिथं आधी म्हणाले हे सिलॅबसमध्ये कुठं बसतं. मग म्हणाले विहिरीत काही झालं तर, पेपरात आलं तर? बरं, रास्त आहे, मी पण बापमाणूस आहे, म्हणून म्हणलं तुमचा एक सर पाठवा, तो सांगेल तसं करू. सर आले नाहीत. कॉलेजच्याच सहा मजली नव्या बिल्डिंगमध्ये लिफ्टसाठी उभी पोकळी ठेवलीय, तिथं लिफ्ट अजून बसली नाही, ती द्या म्हणलं, तर लिफ्ट लवकरच बसणार आहे असं लेखी दिलं. पोरांनी अर्ज केला त्याला वर्ष होईल आता, लिफ्टचा पत्ता नाही, पोकळीत फुटक्या बाकड्यांचा ढीग आहे.

मग व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकानं व्हिडिओ सुरू असतानाच विचारलं की याचं अ‍ॅप्लिकेशन काय? भाचीनं सांगितलं की सर, यानात आग लागली तर धूर वर जात नाही, ज्योत अशी गोल होऊन बसते, म्हणून तिथं आग लागली की आधी हवा फिरवणारे पंखे बंद करायचे असतात, आग कशी पसरते हे असंच टाकून टाकून शिकलेत लोक. त्यावर ते म्हणाले बरं, ब्लॅक बुकची, म्हणजे प्रोजेक्टच्या रिपोर्टची, बाइंडिंग नीट नाही. बासष्ट मार्क. शेजारच्या ग्रुपनं बाजारातून रेडीमेड प्रोजेक्ट आणला होता, मोबाईलवरून बल्ब चालू-बंद, त्यांना अठ्ठ्याऐंशी. आणि त्याच कॉलेजात २३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन धूमधडाक्यात झाला, अंतराळवीर शुभांशु शुक्लांचा दोन मजली फ्लेक्स आणि चांद्रयानाची रांगोळी स्पर्धा. रांगोळीला माझा विरोध नाही, सुंदर होती, पहिल्या नंबरच्या पोरीनं विक्रम लँडरचे चारी पाय बरोबर काढले होते. पण फ्लेक्सच्या लोखंडी फ्रेमचं बिल माझ्याच दुकानातून गेलं, आणि त्यात मेणबत्तीवाल्या डब्याचं लोखंड दोनदा झालं असतं.

तुमच्या पुरवणीतच होतं की शुक्ला २०२५ च्या जूनमध्ये वर गेले तेव्हा मूग आणि मेथी घेऊन गेले, धारवाडच्या शेती विद्यापीठाचा प्रयोग. धारवाड काय लांब आहे का? आमची आक्का म्हणली मोड आणायला एवढ्या वर कशाला, फडक्यात बांधून ठेवायचं. पण मुळाला खाली कुठंय हे कळतं ते वजनामुळे, वजनच नाही तर मूळ कुठं जाईल हा प्रश्न साधा नाही, आणि तो प्रश्न मोड आणणाऱ्या बाईला सगळ्यात आधी कळतो. त्याच्या आधी इस्रोनं डिसेंबर २०२४ मध्ये रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यावर २४ प्रयोग फिरवले, त्यात चवळीच्या बिया चार दिवसात उगवल्या, आणि पनवेलच्या विद्यापीठाच्या पोरा-मास्तरांनी पालकाच्या पेशी पाठवल्या होत्या. आयआयटी मुंबईचा प्रथम आणि पुण्याच्या सीओईपी इंजिनियरिंग कॉलेजचा स्वयम, दोन्ही पोरांनी बनवलेले उपग्रह २०१६ ला गेले. प्रथमचं काम २००७ ला सुरू झालं होतं, म्हणजे सुरू करणारी पोरं पास होऊन, नोकरीला लागून, लग्न होऊन गेल्यावर उपग्रह उडाला. याला नावं ठेवत नाही, उपग्रह असाच होतो. पण चार वर्षांच्या डिग्रीत पोरानं स्वतः चूक करावी, स्वतः दुरुस्त करावी आणि परत करून बघावी असं काहीतरी पाहिजे ना, ते उपग्रहात बसत नाही. विहिरीत बसतं. सकाळी चुकलं, दुपारी वेल्डिंग केलं, संध्याकाळी परत टाकलं.

आयआयटी मद्रासला अडीच सेकंदाचा ड्रॉप टॉवर आहे, आग आणि ज्वलनाचाच अभ्यास करतात तिथं. आमची पोरं चेन्नईला कशी जाणार, साठ किलो लोखंड रेल्वेत कोण घेणार. म्हणून मागणी एवढीच, की प्रत्येक विद्यापीठानं एक उभी पोकळी नेमून द्यावी. बांधू नका, बांधायला काढलं की टेंडर निघेल आणि टेंडर निघालं की माझ्या नातवाला पण ती बघायला मिळणार नाही. आहे तीच द्या. न बसलेली लिफ्ट, वापरात नसलेली पाण्याची टाकी, जुनी विहीर, खाणवाल्यांकडं एखादा उभा शाफ्ट असेल तर तो. वर जाळी, कुलूप, एक जबाबदार माणूस, चेन पुली आणि विमा, एवढं विद्यापीठाचं. डबा पोरांचा, वेल्डिंग माझं, पैसे नंतर दिले तरी चालतील (हे माझ्या बायकोनं वाचू नये).

घाई यासाठी, की आमची लॅब मृगाला बंद होते. भाची पास होऊन पुण्याला नोकरीला चाललीय पण तिच्या मागच्या वर्षाची तीन पोरं येऊन गेली, त्यांना मेणबत्तीऐवजी रॉकेलचा एकच थेंब जाळून बघायचाय, तो गोल राहतो का ते. थेंब टांगायला काचेचा तंतू पाहिजे, तो माझ्याकडं नाही, बाकी सगळं आहे. दाजीनं परवानगी दिली पण एक अट घातली, थर्माकोल नको. मग आता भाताचं तूस वापरून बघणार आहोत, उदगीरच्या बाजूला एका मिलवाल्याला बोललोय, दोन पोती देतो म्हणलाय.

आपला,
एक फॅब्रिकेशनवाला मामा
एमआयडीसी, लातूर